मांडीची कातडी पावलावर: माझ्या स्किन ग्राफ्टचे सहा महिने

९ जानेवारीला सकाळी उकळत्या पाण्याचं पातेलं माझ्या हातातून निसटलं आणि उजव्या पायावर उपडं झालं. नडगी, घोटा, पावलाची वरची बाजू, सगळं पोळलं. मी मटकन खाली बसले आणि ओरडत राहिले. पायात जाड लोकरी मोजा होता. तो काढायचं ना मला सुचलं, ना धावत आलेल्या नवऱ्याला. मोज्याने उकळतं पाणी धरून ठेवलं होतं आणि ते दोनेक मिनिटं आत भाजत राहिलं. मोजा निघाला तेव्हा नडगीवर फोड उठले होते, पाऊल मात्र पांढुरकं दिसत होतं.

पुढचे सहा महिने त्या पांढुरक्या भागापायी गेले, म्हणून हे आधी लिहिते. गरम पाणी अंगावर सांडलं तर भिजलेला कपडा लगेच काढा. कातडीला चिकटला असेल तर ओढू नका, भोवतीने कापा. अंगठी, घड्याळ, जे काही घट्ट असेल ते सूज यायच्या आत उतरवा. मग २० मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ लावू नका, टूथपेस्ट लावू नका.

आपत्कालीन विभागात जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि माझाच तळहात जखमेवर धरून मोजमाप केलं. रुग्णाचा स्वतःचा तळहात बोटांसकट धरला तर तो शरीराच्या साधारण १ टक्का भरतो. माझं भाजणं ४ टक्के निघालं. नडगीला वारा लागला तरी जीव जात होता, पावलाला मात्र जवळजवळ काहीच होत नव्हतं. मला वाटलं, चला, निदान पाऊल तरी वाचलं. डॉक्टरांनी नडगी दाबली तर ती पांढरी होऊन पुन्हा लाल झाली. पाऊल दाबलं, ते पांढरंच राहिलं. "जिथे दुखत नाहीये तिथलीच मला काळजी आहे," ते म्हणाले. वरवर भाजलं की मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात आणि भयंकर दुखतं. खोल भाजलं की ती टोकंही मरतात. पण पहिल्या दिवशी खोली नक्की सांगता येत नाही, ती दोन-तीन दिवसांत उघड होत जाते. म्हणून मला घरी सोडलं आणि एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं.

ड्रेसिंगच्या आधी पाऊण तास वेदनाशामक गोळी घ्यायची, हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. पहिल्या दोन खेपा मी नुसती रडले. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दहाव्या दिवशी नडगीवर कोवळी गुलाबी कातडी दिसायला लागली. पावलावर मात्र पिवळट-पांढरा, चामड्यासारखा थर तसाच होता. मला प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. त्यांनी कागदावर कातडीचं चित्र काढलं. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खालच्या थरात असतात. ती शाबूत असली तर त्यांच्यातूनच नवी कातडी वर येते; नडगीवर तेच चाललं होतं. पावलावर ती मुळंच जळाली होती. तिथे जखम भरणार ती फक्त कडांकडून, आकसत आकसत. पावलाच्या वर अशी जखम आकसली की बोटं वर ओढली जातात आणि बूट घालणं, चालणं, सगळंच अवघड होऊन बसतं. तीन आठवड्यांत जी जखम आपली आपण भरायची लक्षणं नसतात तिथे जाड वण राहण्याचा धोका मोठा, म्हणून थांबण्यात अर्थ नाही, असं ते म्हणाले. मेलेला थर काढायचा आणि मांडीची कातडी तिथे बसवायची. साधारण १४ बाय ८ सेंटिमीटर.

मांडीची कातडी काढणार, हे ऐकून आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझी घ्या ना हो डॉक्टर. मला आता काय करायचीय?" डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला बसवून सांगितलं की दुसऱ्याची कातडी शरीर ओळखतं आणि काही आठवड्यांत फेकून देतं. कायमची चालते ती फक्त स्वतःची किंवा जुळ्याची, आणि जुळंही अगदी एकसारखं हवं. हे मी नंतर पडल्या पडल्या वाचून काढलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शास्त्रज्ञ पीटर मेडावर आणि सर्जन टॉमस गिब्सन यांनी ग्लासगोमध्ये एका भाजलेल्या रुग्णावर परक्या कातडीचे तुकडे लावून पाहिले. पहिल्या खेपेचे तुकडे काही दिवस टिकले, त्याच दात्याच्या कातडीचे दुसऱ्या खेपेचे त्याहून लवकर गेले. म्हणजे शरीर परक्याला लक्षात ठेवतं. १९४३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं, आणि अवयवरोपणाचा पुढचा सगळा अभ्यास या वाटेने गेला. मेडावर यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं. आईला मी हे वाचून दाखवलं तेव्हा कुठे तिची समजूत पटली.

ऑपरेशनच्या आधीचा आठवडा कागदांचा होता. रक्त, साखर, हिमोग्लोबिन, छातीचा एक्स-रे. जखमेचा स्वॅब तपासणीला गेला, कारण स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूची एक जात जखमेत असली तर ती ग्राफ्ट, म्हणजे बसवलेली कातडी, विरघळवून टाकते. मग आधी तिचा बंदोबस्त करावा लागतो. माझा स्वॅब ठीक आला. विमा मात्र अडला. अर्जात "प्लास्टिक सर्जरी" हे दोन शब्द दिसल्याबरोबर विमा कंपनीने विचारणा पाठवली की ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे का. मला इतका संताप आला की मी फोनवर नीट बोलूही शकले नाही. नवऱ्याने आपत्कालीन विभागातला पहिल्या दिवशीचा कागद, जखमेचे तारीखवार फोटो आणि सर्जनचं पत्र जोडून पाठवलं. पत्रात "खोल भाजल्याने झालेली जखम" आणि "पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया" हे शब्द स्पष्ट लिहून घेतले होते. दोन दिवसांनी मंजुरी आली. म्हणून सांगते, जखमेचे फोटो पहिल्या दिवसापासून काढा, बघवत नसलं तरी काढा. आणि अर्ज जाण्याआधी त्यात कोणते शब्द लिहिलेत ते स्वतः वाचा.

संमतीचे तीन कागद होते: शस्त्रक्रियेचा, भुलीचा आणि फोटो काढू देण्याचा. पहिल्यावर दोन्ही जागा लिहिलेल्या असायला हव्यात, जिथे कातडी लावणार ती आणि जिथून काढणार ती. माझ्या कागदावर मांडी डावी की उजवी हे लिहायचं राहिलं होतं. मी विचारलं, सिस्टरनी लगेच लिहून आणलं. उजवीच घेतली, म्हणजे एक पाय तरी पूर्ण धड राहतो.

२३ जानेवारीला ऑपरेशन झालं. कमरेत भूल दिल्यामुळे मी जागी होते. डर्माटोम नावाच्या यंत्राने कातडी काढतात. केस कापायच्या मशीनसारखी त्याची घरघर ऐकू आली, पाय कुणीतरी दाबतंय एवढं कळलं, बाकी काही नाही. मिलिमीटरचा जेमतेम पाव भाग जाडीचा पापुद्रा निघतो. तो पातळ असतो म्हणूनच मांडी आपली आपण भरून येते, कारण मुळं खालीच राहतात. चेहऱ्यासारख्या ठिकाणी कधी कधी पूर्ण जाडीची कातडी लावतात. ती कमी आकसते आणि दिसायला जास्त मिळतीजुळती असते. पण ती जिथून काढली तिथे टाके घालून जागा बंद करावी लागते, त्यामुळे तुकडा लहानच घेता येतो.

माझा पापुद्रा एका यंत्रातून फिरवून त्याला जाळीसारख्या बारीक चिरा पाडल्या. ग्राफ्टखाली रक्त किंवा पाणी साचलं तर ते उचललं जातं आणि मरतं. चिरांमधून ते बाहेर पडतं. मोठ्या भाजण्यात हीच जाळी ताणून थोड्या कातडीत जास्त जागा झाकता येते. कडेने स्टेपल मारले, वर ड्रेसिंग, आणि घोटा काटकोनात राहावा म्हणून मागून प्लास्टरची पट्टी.

त्यानंतरचे पाच दिवस हाच खरा उपचार, असं मी आता ठामपणे म्हणेन. पहिले दोन दिवस त्या पापुद्र्याला स्वतःचं रक्त नसतं. जखमेतून पाझरणारा द्रव स्पंजासारखा शोषून तो तग धरतो. मग खालच्या आणि वरच्या केशवाहिन्यांची तोंडं जुळतात आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत त्यात रक्त खेळायला लागतं. या काळात तो जागचा हलला की जुळलेलं तुटतं. पाय दोन उशांवर, हृदयापेक्षा उंच. सगळं अंथरुणातच, भांडंसुद्धा. मला त्याची फार लाज वाटायची, म्हणून पहिल्या दिवशी मी पाणीच कमी प्यायले. सिस्टर रागावल्या आणि त्यांचं बरोबर होतं. पायात गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटावर एक इंजेक्शन असायचं, आणि डाव्या पायाचा घोटा तासातासाला फिरवायला सांगितला होता.

आणि मांडी. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते. मी सगळी भीती पावलाची बाळगली होती. भूल उतरल्यावर पाऊल नुसतं जड लागत होतं, आणि मांडी रस्त्यावर घासल्यासारखी पेटली होती. दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रक्ताने भिजून लाल झालं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं. काही बिघडलेलं नव्हतं. पातळ कातडी काढली की खालच्या मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, म्हणून डोनर साइट, म्हणजे कातडी काढलेली जागा, ग्राफ्टपेक्षा जास्त दुखते, बहुतेक सगळ्यांचीच दुखते. शेजारच्या बाईंनी सांगितलं तेव्हा धीर आला: "तिसऱ्या रात्रीनंतर उतरतं ते." खरंच चौथ्या दिवशी ठणका ओसरला. सर्जन भेटतात तेव्हा पावलाबद्दल दहा प्रश्न विचाराल, त्यातले तीन मांडीबद्दल असू द्या: दुखायला काय देणार, वरचं ड्रेसिंग भिजलं तर काय करायचं, कधी उघडणार.

मांडीचं आतलं ड्रेसिंग कुणी काढतच नाही. ते वाळून खपलीसारखं घट्ट बसतं आणि खाली कातडी आली की कडेने आपोआप सुटतं. सुटेल तेवढं कात्रीने कापायचं. घरी आल्यावर एका रात्री पायजम्याला अडकून माझं एक टोक ओरबाडलं गेलं आणि रक्त आलं. तिथे पुन्हा सात दिवस लागले. सैल, घसरणारं कापड घाला.

२८ जानेवारीला पहिलं ड्रेसिंग उघडलं. सिस्टरनी ड्रेसिंगच्या जाळीवर सलाईन ओतून वीस मिनिटं ती नुसती भिजत ठेवली, घाई अजिबात केली नाही. वास आला. सुकलेल्या रक्ताचा, ओल्या कापसाचा, कोंदट. मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. "पाच दिवस बंद होतं ना, एवढा वास येणारच," सिस्टर म्हणाल्या. मग चिमट्याने एक कोपरा उचलत ती ड्रेसिंगची जाळी सोलत आणली. खाली माझं पाऊल होतं आणि त्यावर जांभळट गुलाबी रंगाची नक्षी होती, बारीक शंकरपाळ्यांच्या चौकटींची. चौकटींच्या मधे ओलसर लाल ठिपके चमकत होते. सर्जननी बोटाने हलकेच दाबलं. पांढरं झालं. बोट उचललं. मी मनात आकडे मोजत होते, दोन म्हणायच्या आत गुलाबी परत आलं. तीन आठवड्यांपूर्वी हेच पाऊल दाबल्यावर पांढरं राहिलं होतं. "धरलंय," ते म्हणाले, आणि मला रडू कोसळलं.

सगळं धरलं नव्हतं. करंगळीच्या मुळाशी दोन सेंटिमीटरचा काळा डाग होता. तिथे खाली रक्त साचलं होतं आणि चिरा असूनही निघालं नव्हतं. चूक कुणाचीच नाही, होतं असं. सर्जननी ऑपरेशनच्या वेळी जास्तीची थोडी कातडी काढून, सलाईनच्या ओल्या गॉजमध्ये गुंडाळून ४ अंशांवर फ्रिजमध्ये ठेवली होती. ती साधारण दोन आठवडे जिवंत राहते. ३१ तारखेला डाग साफ करून त्यातलाच तुकडा तिथे नुसता पसरला. भूल नाही, टाका नाही, मी बसून पाहत होते. नखाएवढा ओला, अर्धपारदर्शक तुकडा, कडा वळलेल्या. सर्जननी तो ओल्या कापसाच्या काडीने टिपकागदासारखा सपाट केला. आठ दिवसांत तोही धरला.

त्याच वॉर्डात पलीकडे एक तरुण मुलगा होता, जवळजवळ निम्मा भाजलेला. त्याच्या अंगावर स्वतःची कातडी काढायला जागाच उरली नव्हती. त्याला त्वचापेढीतून आलेली, मृत्यूनंतर दान केलेली कातडी तात्पुरती लावली होती. ती पुढे गळून पडतेच, पण तोवर जंतू आत जात नाहीत, अंगातलं पाणी टिकतं, दुखणं कमी होतं, आणि स्वतःची कातडी टप्प्याटप्प्याने काढायला वेळ मिळतो. दान घेताना मृताच्या मांड्या आणि पाठ यांवरचा पातळ थरच घेतात. मी आणि आईने डिस्चार्जच्या आधीच दानाचा अर्ज भरला. हा विषय निघाला की आता मी लोकांना मुद्दाम सांगते.

१ फेब्रुवारीला घरी सोडायच्या आधी फिजिओथेरपिस्टनी पाय पहिल्यांदा पलंगाखाली सोडायला लावला. आधी क्रेप बँडेज, मग पाच मिनिटं, घड्याळ लावून. पाय गडद जांभळा झाला, आत मुंग्या आल्या, वाटलं आता फुटणार. नव्या वाहिन्या कच्च्या असतात, खाली आलेलं रक्त त्यांना लगेच वर ढकलता येत नाही. दिवसातून तीनदा पाच मिनिटं, मग दहा, मग पंधरा. घाईने तासभर लोंबकळत ठेवलेल्या पायावरचं धरलेलं ग्राफ्टही जाऊ शकतं. ६ तारखेला स्टेपल निघाले, १० तारखेपासून वॉकर घेऊन चालले, महिनाअखेरीस वॉकर सुटला.

डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी लिहून घ्या: पुढच्या ड्रेसिंगची तारीख, विश्रांती किती आठवडे, आणि फिजिओथेरपी व प्रेशर मोजा (वण दाबून ठेवणारा घट्ट मोजा) यांची गरज. माझ्या कागदावर मोज्याचा उल्लेख नव्हता. त्यामुळे विमा कंपनीने त्याचं बिल परत केलं, मग सर्जनकडून वैद्यकीय गरजेचं वेगळं पत्र आणून पुन्हा पाठवावं लागलं. ते मंजूर झालं, पण सात आठवडे गेले. घरच्या ड्रेसिंगचं सामान, मलमं आणि गाडीभाडं आम्हीच भरलं. ऑपरेशनचा खर्च एकदाच होतो, हा मात्र आठवड्याला होत राहतो. त्याची तजवीज आधीच करा आणि प्रत्येक पावती एका पाकिटात तारखेने लावून ठेवा.

जखम बंद झाल्यावर मोज्याचं माप घेतलं. दिवसाचे २३ तास, फक्त आंघोळ आणि मालिश यांसाठी काढायचा, वण मऊ पडेपर्यंत, म्हणजे वर्षभर किंवा जास्त. त्याचा ताण तीन-चार महिन्यांत सैल पडतो, मग नवं माप. एक धुवायला एक घालायला, असे दोन लागतात. तो पहिल्यांदा पायात चढवताना माझे हात थरथरत होते. त्याच पायात, मोजा. फिजिओथेरपिस्ट काही न बोलता थांबल्या, मी दोन वेळा श्वास घेतला आणि वर ओढला.

मार्च-एप्रिल खाजेत गेले. दिवसा सहन व्हायची, रात्री झोप मोडायची. ग्राफ्टला तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी नसतात, म्हणून ते कोरडं पडतं आणि तडकतं. दिवसातून चार वेळा बिनवासाचं साधं क्रीम लावून अंगठ्याने गोल दाबत मालिश, थंड ओला कपडा, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी, या तिन्हींनी मिळून खाज आटोक्यात आली. नखं मुळापर्यंत कापून टाका. उन्हात जाताना झाकून घ्या, नवी कातडी पटकन काळवंडते आणि तो रंग राहतो.

संवेदना अजून अर्धवट आहे. स्पर्श कळतो, पण जाड कापडावरून कळावा तसा. एप्रिलमध्ये बुटाची शिवण घासून फोड आला, तो मला मोजा काढल्यावर दिसला. तेव्हापासून बूट घालायच्या आधी हात घालून आत चाचपते आणि पाय पाण्यात टाकायच्या आधी कोपराने पाणी बघते.

आता जुलै आहे. मांडीवर फिकट तपकिरी आयत दिसतो, कडा अजून सरळ आहेत. पावलावरची जाळीची नक्षी पुसट झाली आहे, जाणार नाही. बोटं जमिनीला टेकतात, चवड्यावर उभी राहते तेव्हा पाचही बोटं दाब घेतात. करंगळी थोडी वर ओढते, तिला रोज सकाळी दहा वेळा खाली वळवून दहा आकडे धरून ठेवते. मोज्याचं पुढचं माप २० ऑगस्टला आहे.